डावा ब्रेक

मंगळवार, रात्री साडेदहा

आज आठवड्याची टीम मीटिंग होती. तिचं नंतर. आधी ब्रेकचं लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

काकांना स्ट्रोक होऊन सात आठवडे झाले, आमच्या रिहॅब वॉर्डात येऊन पाच. मेंदूच्या उजव्या बाजूचा. डावा हात-पाय गेलाय हे घरच्यांना पहिल्या दिवशीच दिसलं. पण काकांच्या लेखी डावी बाजूच उरली नाहीये, हे कळायला घरच्यांना बराच वेळ लागला. डोळे ठणठणीत आहेत, दिसतं सगळं, मेंदू फक्त डावीकडची दखल घेत नाही. पहिल्याच आठवड्यात काकांनी आरशासमोर बसून निगुतीने दाढी केली, उजव्या गालाची. डाव्या गालावर फेस तसाच. "झाली," म्हणाले आणि टॉवेल मागितला. काकू आधी हसल्या, मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडल्या.

तर व्हीलचेअर. उठायच्या आधी दोन्ही ब्रेक लावायचे, पाय फूटरेस्टवरून खाली घ्यायचे, पुढे सरकायचं, मग उठायचं. काका उजवा ब्रेक लावायचे आणि निघायचे. एकच ब्रेक लागला की खुर्ची दुसऱ्या अंगाने फिरते, आणि लुळा पाय नेमका त्याच अंगाला. तिसऱ्या आठवड्यात एकदा अशी फिरली. कमरेचा बेल्ट माझ्या मुठीत होता म्हणून निभावलं. मग ओटीने (ऑक्युपेशनल थेरपिस्टने) डाव्या ब्रेकच्या दांड्याला नळी बसवून तो लांब केला, उजवा हात आडवा नेऊन ओढता यावा म्हणून. वर लाल टेप गुंडाळली. टेप चांगलीच, पण जी बाजू त्या माणसाला नाहीच, तिथली टेप त्याला दिसणार कशी? आधी मान वळायला हवी. ती वळावी म्हणून मी सुरू झाले: "काका, डावा ब्रेक." सकाळच्या सेशनला दहा वेळा, दुपारच्या सेशनला दहा वेळा. परवा स्वप्नातही म्हणाले असेन.

आज सकाळी खुर्चीतून मॅटवर जायचं होतं. काकांनी उजवा ब्रेक लावला. मी तोंड उघडणार एवढ्यात पॅरलल बारमधून इंटर्नने हाक मारली, ती चालवत होती त्या पेशंट आजींचा गुडघा दुमडत होता. दुसरी फिजिओ तिथे पोचली, पण क्षणभर माझं लक्ष तिकडे गेलं. हात बेल्टजवळ, नजर भलतीकडे. परत वळून पाहिलं तर काका थांबलेले. मान हळूहळू डावीकडे जात होती, आधी हनुवटी, मग डोळे. उजवा हात मांडीवरून सरपटत पलीकडे गेला, टेप चाचपली. खट्.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज विसरलात का मॅडम?"

त्या वेळी हसले. मीटिंगमध्ये मात्र हसू आलं नाही. पेशंट रोजची कामं किती स्वतः करतो हे मोजणाऱ्या फिमच्या मोजपट्टीत १८ बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ७ गुण, एकूण १२६. (ज्याला काहीच करता येत नाही त्यालाही १८ मिळतात, शून्य कोणालाच नाही. हे मला शिकत असल्यापासून आवडतं.) ७ म्हणजे स्वतःचं स्वतः. ६ म्हणजे स्वतःचं स्वतःच, पण काठी लागते, स्प्लिंट लागतो किंवा जास्त वेळ लागतो. ५ म्हणजे हात लावावा लागत नाही, पण जवळ कोणीतरी हवं, आठवण करून द्यायला. काका आले तेव्हा ५४ होते, आज ८८. सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रान्सफरच्या, म्हणजे खुर्चीतून उठून दुसरीकडे बसण्याच्या, रकान्यात मी दोन आठवडे ५ लिहिते आहे. मला एवढंच कळेना की त्या पाचात काकांचं किती आणि माझ्या जिभेचं किती.

कारण हे मीच इंटर्नना शिकवते. सूचना हळूहळू कमी करा. "डावा ब्रेक" म्हणू नका, "आता काय राहिलं?" विचारा, आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प बसा. पण दहा अंक फार लांब असतात. सेशन ४५ मिनिटांचं, बाहेर पुढचा पेशंट आलेला, आणि पडण्याची भीती. पेशंट पडला तर अहवाल मला लिहायचा असतो. बोलून टाकलं की काम होतं. काम होतं, एवढंच.

वॉर्डातल्या त्या तरुण मुलाची आठवण झाली. मणक्याला इजा, कमरेखाली संवेदना नाही. त्याला हातांवर जोर देऊन खुर्चीतून बूड उचलायचं असतं, ठरलेल्या अंतराने, दिवसभर. नाहीतर ज्या कातडीला काही कळत नाही ती दाबाने मरते आणि जखम होते. घड्याळात गजर लावून दिला होता. गेल्या आठवड्यात त्याने तो बंद केला, कोणाला न विचारता. मी चिडले. संध्याकाळी सिस्टरने पाठीमागे आरसा धरला, दोघांनी मिळून कातडी पाहिली, कुठेही लाली नाही. तरी रोज बघायला लावते, चिडचिडत बघतो. चालणार का, हे त्याने विचारणं सोडलंय. आणि जी जखम झालीच नाही, तिच्यासाठी मोजपट्टीत रकानाच नाही.

मीटिंगनंतर काकूंनी विचारलं, "हात कधी येईल?" सगळे हाताचंच विचारतात. सात आठवडे झाले, बोटं उघडण्याची सूक्ष्म हालचालही नाही. पहिले तीन महिने सुधारणा वेगाने होते, पुढे मंदावते, हे खरं. म्हणून तीन महिन्यांआधी नाही म्हणू नये असं वाटतं, आणि खोटी आशाही देववत नाही. "त्या हाताकडून फारशी अपेक्षा नको, काकू," म्हणाले. "पण खांदा जपा. उठवताना दंडाला धरून ओढू नका, सांधा आधीच सैल झालाय." त्यांनी मान हलवली. ऐकलं ते पहिलंच वाक्य, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

दुपारी काकूंना मुद्दाम जिममध्ये बसवलं. घरी ब्रेकची आठवण करणाऱ्या त्याच असणार. सांगितलं, दहा अंक मोजायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. ओठ घट्ट मिटून बसल्या, बोटांवर मोजत.

काका पाच वेळा उठले. तीनदा ब्रेक स्वतः लावला. एकदा मी "आता काय राहिलं?" विचारल्यावर. शेवटच्या वेळी काकूंचा अंगठा सातव्या पेरावर होता आणि तोंडून निसटलंच, "अहो, डावा..." मग स्वतःच तोंडावर हात. काका त्यांच्याकडे बघत म्हणाले, "लावतच होतो."

लावत असतीलही. पण दिवसभरातला सगळ्यात कमी आकडा धरायचा असा नियम आहे. ५ च लिहिला.