काल्मोंटच्या उतारावर सोळा दिवस

पहिल्या सकाळी आजोबांनी, म्हणजे द्राक्षमळ्याच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी, हातात कात्री दिलीच नाही. आधी उभं राहायला शिकवलं. वरचा पाय गुडघ्यात वाकवायचा, खालचा सरळ ठेवायचा आणि त्याची कड वेलीच्या बुंध्याला नीट टेकवायची. अंगाचा भार नदीच्या बाजूला टाकायचा नाही. पायाखालून दगड सुटला तर मोठ्यांदा ओरडायचं, कारण खाली कोणीतरी वाकून घड तोडत असतं. पंधरा-वीस मिनिटं मी नुसती या वेलीवरून त्या वेलीपाशी जात होते आणि ते माझ्या पायांकडे बघत होते. मग मान हलवून त्यांनी कात्री पुढे केली.

हे जर्मनीतलं ब्रेम. मोझेल नदी इथे इतकं अरुंद वळण घेते की गाव, समोरचं पाणी आणि पलीकडचा जमिनीचा सुळका सगळं एका नजरेत मावतं. वस्ती हजाराच्या आत. समोरच्या काठावर द्राक्षांच्या ओळींमध्ये श्टुबेनच्या मठाच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर कधीच गेलेलं. बाराव्या शतकात तिथे जोगिणी राहायच्या. आणि गावाच्या पाठीशी काल्मोंट, युरोपातल्या सगळ्यात तीव्र उताराच्या द्राक्षमळ्यांपैकी एक. काही ठिकाणी उतार ६५ अंशांपर्यंत जातो. आकडा वाचून मला काही कळलं नव्हतं. समोरच्या वेलीचा बुंधा माझ्या कपाळाच्या उंचीवर आला तेव्हा कळलं.

मी कोब्लेंट्सला शिकते. घर तासगाव तालुक्यात, आप्पांची थॉमसन द्राक्षांची बाग आहे, बहुतेक माल बेदाण्याला जातो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तोडणीला माणसं हवीत असं वर्गातल्या एका मुलीकडून कळलं आणि मला राहवेना. आईला वाईनचं काम जरा खटकलं. आप्पा म्हणाले, "बागेतलंच काम हाय, जाऊ दे तिला."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण पुढच्या वर्षी कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. युरोपीय संघाबाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. राहण्याच्या परवान्यासोबतच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं, तो कागद, कर क्रमांक, आरोग्य विम्याचा दाखला आणि बँक खातं एवढं मळेवाल्यांना द्यावं लागतं. माझा परवाना नेमका नूतनीकरणाला गेलेला, आणि एका कार्यालयाने मधल्या काळाचा तात्पुरता दाखला द्यायला पाच आठवडे लावले. तो हातात आला तेव्हा तोडणी सुरू व्हायला दोनच दिवस होते. तेव्हा दाखल्याचा अर्ज उन्हाळ्यातच करून ठेवा. मजुरी तासाला १२.४१ युरो, म्हणजे त्या वर्षीचं कायद्याने ठरलेलं किमान वेतन.

कोब्लेंट्सहून रेल्वे नदीकाठाने येते, कोखेमनंतर चार किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती एडिगर-एलरला. ब्रेमला स्टेशन नाही. मालकीणबाई गाडी घेऊन आल्या होत्या. मी त्यांना आदरार्थी बोलायला लागले तर त्यांनी लगेच थांबवलं. तोडणीच्या टोळीत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, ऐंशी ओलांडलेल्या त्यांच्या वडिलांनासुद्धा. मला ते शेवटपर्यंत जड गेलं. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत राहिले.

जमीन म्हणावी तर ती नाहीच. शाळेच्या पाटीचा असतो ना, तसला काळा-निळा दगड, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा, पावलागणिक खळखळ वाजणारा. त्याचे तुकडे रचून चुन्याशिवाय बांधलेल्या भिंती, भिंतींवर अरुंद पायऱ्या, पायऱ्यांवर वेली. सकाळी नदीवरून धुकं उठतं, दहापर्यंत काही दिसत नाही, पानं ओलीचिंब. मग दक्षिणेचं ऊन थेट डोंगराच्या अंगावर येतं आणि खालच्या पाण्यावरून परतलेलं ऊनही त्यात मिसळतं. संध्याकाळी पाचला हवा बोचरी झालेली असते, पण दगडावर तळहात ठेवला की तव्याखालची चूल नुकतीच विझवल्यासारखा ऊबदार लागतो. रीसलिंग या इथल्या पांढऱ्या द्राक्षाच्या जातीला पिकायला वेळ फार लागतो, आणि इतक्या उत्तरेला ती पिकते ती या दगडाच्या जोरावर. काल्मोंट हे नाव लॅटिनमधल्या 'तापलेला डोंगर' या शब्दांवरून आलं असं गावात सांगतात. नाव कुठूनही आलेलं असो, तळहाताला ते पटतं.

पहिल्याच रात्री आप्पांना फोटो पाठवले. लगेच फोन. "मांडव न्हाई, तारा न्हाईत, मग वेल उभी ऱ्हाती कशी?" सांगितलं, प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब. दोन काड्या वाकवून त्याच खांबाला बांधतात, आकार होतो बदामाचा. तारा ताणल्या असत्या तर या उतारावर आडवं चालताच आलं नसतं. आप्पांना दुसरं नवल वाटलं ते एकाच छाटणीचं. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. वेलीला विसावा असा नाहीच. इथे ती हिवाळाभर झोपते आणि शेवटी एकदाच छाटतात.

तोडणी मला येते असं मी समजत होते. पण आमच्याकडे घड दिसायला कसा आहे याला मोल असतं, मणी फुटलेला नको, डाग नको. इथे घड हातात घेऊन उलटा करायचा, आत डोकवायचं, वास घ्यायचा. कुजलेले मणी दोन तऱ्हांचे. एक जांभळट तपकिरी, सुरकुतलेला, वर राखेसारखी बारीक बुरशी. तो चाखला तर मधासारखा लागतो, तो वेगळ्या बादलीत जपून ठेवायचा. दुसराही तपकिरीच दिसतो, पण नाकाजवळ नेला की शिरक्याचा वास येतो. तो कात्रीच्या टोकाने काढून टाकायचा, आणि त्याला लागून असलेले चार मणीसुद्धा. पहिले दोन दिवस मी प्रत्येक घड आजोबांना दाखवत होते. ते फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मी दाखवायचं थांबले आणि त्यांनीही विचारलं नाही.

बादली नेहमी वेलीच्या वरच्या अंगाला, बुंध्यात अडकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती खालच्या अंगाला ठेवली. भरलेली बादली दोन भिंती ओलांडून खाली गेली. मी ओरडले म्हणून खालचा पोलिश गडी भिंतीला चिकटला आणि वाचला. माझे हातपाय कापायला लागले होते. कोणी रागावलं नाही. मालकीणबाईंनी सगळ्यांना थांबवून पाणी प्यायला लावलं आणि त्या स्वतः खाली जाऊन द्राक्षं वेचू लागल्या.

रोज सकाळी कोणत्या पायरीवर तोडायचं ते एका वीतभर नळीवर ठरायचं. आजोबा मणी दाबून थेंबभर रस काचेवर सोडायचे, झाकण लावून नळी उजेडाकडे धरायचे. ती बघून मला गलबलून आलं, कारण अगदी तसंच रिफ्रॅक्टोमीटर आप्पांच्या खिशात असतं. रसातली साखर मोजायला आप्पा त्यात ब्रिक्स बघतात, इथे ओक्स्ले. लिटरभर रस १०८४ ग्रॅम भरला तर ८४ अंश, इतकं सरळ. ८४ म्हणजे आपल्या हिशोबात २० ब्रिक्सच्या किंचित वर. त्या सकाळी ८४ लागलं आणि आजोबांनी नळी माझ्याकडे दिली. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा स्पष्ट दिसत होती.

यंत्राने तोडणी या उतारावर होतच नाही. माल उतरवायला मात्र आता एका रुळाची दातेरी गाडी आहे, पेट्रोलवर चालणारी. पूर्वी पाठीवर बांधायची उभी पिंपं असायची. आजोबांच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या जागी कातडी अजून जाड आहे. खाली कोठारात द्राक्षं दाबयंत्रात जातात, फार सावकाश, घाई केली की बियांचा कडवटपणा उतरतो. चोथा परत मळ्यात टाकतात. तळघरात रस उकळ्या फुटल्यागत गुडगुडतो, आणि तिथे एकटं जायला सक्त मनाई, कारण आंबताना निघणारा वायू जमिनीलगत साचतो आणि माणूस न कळत कोसळतो.

त्या वर्षीच्या एप्रिलच्या शेवटी मोझेलवर गोठलेलं दहिवर पडलं होतं, सार आणि रुवर या उपनद्यांच्या खोऱ्यांत तर कोवळे फुटवे जळून फार नुकसान झालं. थंड हवा जड, ती खाली वाहत जाऊन सखल भागात बसते. जेवताना हा विषय निघाला की सगळे गप्प व्हायचे. मला अवकाळीच्या रात्री ओसरीवर बसून राहिलेले आप्पा आठवायचे.

आमच्या मळ्याला लागून चार पायऱ्या पडीक आहेत. काटेरी झुडपं माजलीत, एका ठिकाणी भिंत पोट फुटल्यासारखी बाहेर आलीय. आजोबांनी सांगितलं, ते कुटुंब थकलं, मुलं शहरात गेली. एक भिंत ढासळली की वरची पायरी धरत नाही, मग तिच्या वरची. त्यातल्या सगळ्यात जवळच्या पायरीवर मालकीणबाईंनी गेल्या वर्षी नवी रोपं लावलीत, मोजून साठ. मी ती मोजली. सत्तावन्न जगलीत.

शेवटच्या दिवशी कांद्याचा केक आणि अर्धवट आंबलेला गढूळ रस होता. मी केक खाल्ला आणि ताजा, न आंबलेला रस प्यायले. निघताना आजोबांनी विचारलं, छाटणी येते का? म्हटलं, आमच्या पद्धतीची येते. ते म्हणाले, मग फेब्रुवारीत ये, आमची शिकवतो. बूट मी त्यांच्याच कोठारात ठेवून आलेय.