तांजिरोची हाओरी, जिम मॅटची तलवार आणि हॉलमधले नवे-जुने

'डेमन स्लेयर' या जपानी ॲनिमेतल्या (कार्टून मालिकेतल्या) तांजिरोचा वेष करतोय. त्याची हिरव्या-काळ्या चौकडीची हाओरी, म्हणजे वरून घालायचा सैल जपानी कोट, शिवून झाली. गळपट्टी तेवढी हाताने टाचायची राहिलीय. चौकडी छापायची की जोडायची, यावर शेवटी जोडायचीच ठरवली. हिरव्या पॉपलीनवर स्पंजच्या ठोकळ्याने काळे चौकोन छापून बघितले, पण रंग कडेला पसरतो आणि धुतल्यावर काळ्याचा करडा होतो. मग संभाजीनगरच्या गुलमंडीवरून हिरवी आणि काळी पॉपलीन आणली आणि पट्ट्या कापून एकाआड एक जोडल्या. जोडलेलं कापड पुन्हा आडवं कापायचं, त्यातली एक सोडून एक पट्टी उलटी फिरवायची आणि परत शिवायचं. शिलाईच्या काकू आधी हसल्या, "हे घालून कुठं जाऊ राहिला रे?" पण खरी युक्ती त्यांनीच दिली. इस्त्री करताना आतली माया एका पट्टीत डावीकडे वळवायची, शेजारच्या पट्टीत उजवीकडे. दोन शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि चौकोनांची टोकं अगदी नेमकी भिडतात. मी यूट्यूबवर एवढे व्हिडिओ बघितले, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

(शिवायला घाबरू नका. ही चौकडी जपानात फार जुनी आहे. २०२० मध्ये डेमन स्लेयरची प्रकाशक कंपनी शुएइशाने तिच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता, तो तिथल्या पेटंट कार्यालयाने पुढच्या वर्षी फेटाळला.)

तलवारीसाठी फोम शोधत क्राफ्टच्या दुकानांत फिरू नका. चपलांचं सामान विकणाऱ्याकडे जा. तळव्यासाठी लागणारी ईव्हीए शीट (हलका रबरी फोम) तिथे मिळते आणि चिकटवायचं सोल्यूशनही तिथेच मिळतं. मी पात्याला जिम मॅट वापरली आणि आत वायरिंगचा बारीक पीव्हीसी पाईप घातला. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. मगच दाबायचं, कारण एकदा चिकटलं की सरकत नाही. रंगाआधी हीट गन फिरवली की फोमची भोकं मिटतात, नाहीतर तो रंग पीत बसतो. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे काम पत्र्याच्या खोलीत करू नका. सोल्यूशन ब्रशवरच सुकतं आणि चिकटलेले सांधे दुपारी सुटतात.

हे अर्धवट सामान घेऊन मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन आलो, म्हणजे कॉमिक आणि ॲनिमेच्या चाहत्यांच्या मेळ्याला, जिथे लोक आवडत्या पात्राचा वेष करून येतात. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी दादर. तलवार चादरीत गुंडाळली होती, वरच्या बर्थवरचे काका पडद्याचा रॉड समजले. मीही समजू दिलं.

हॉलमध्ये गेल्यावर जे बघितलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझ्या तलवारीला ज्वाळेच्या आकाराची मूठपट्टी (मूठ आणि पात्याच्या मधली तबकडी) आहे, म्हणजे 'इन्फिनिटी कॅसल' या डेमन स्लेयरच्या सिनेमातल्या तांजिरोची. जालन्याचा एक अकरावीतला मुलगा धावत आला. अंगावर ऑनलाइन घेतलेली हाओरी, घडीच्या रेघा तशाच. "दादा, सेम टू सेम! सिनेमात अशीच होती. पण पहिल्या सीझनच्या फोटोत तर साधी दिसते, बदलली का?" त्याने सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फिनिटी कॅसल हिंदीत बघितला होता, थेट थिएटरात. आधीचं काहीच नाही. मी म्हणालो, "आधीचा मुगेन ट्रेन सिनेमा बघ, मग बोलू." ती का बदलली ते इथेही लिहीत नाही, नवे लोक वाचतात.

तेवढ्यात नांदेडच्या ताई आल्या, ज्यांच्याकडून आपण सगळेच विग कापायला शिकलो. त्यांनी मूठपट्टीकडे एकदा बघितलं आणि कोणता भाग ते विचारलंच नाही. तलवार हातात घेऊन उलटी केली, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "प्रायमरला फेव्हिकॉल मारलाय ना? वाकेल तिथे तडकणार बघ." दुपारी तडकलाच.

नवा माणूस पात्र बघतो, जुना शिवण बघतो. कोण किती सीझन बघून आलाय, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. सगळं पाठ असलेले पण एकदाही सुई हातात न धरलेले लोक मला नव्यांतच दिसतात.

दिवस कसा घालवतात तेही बघा. नवे लोक सकाळपासून पूर्ण वेषात. दोन वाजेपर्यंत विगखाली घामाच्या धारा, पायाला फोड, आणि मग भिंतीला टेकून बसलेले. जुने लोक साध्या कपड्यांत येतात, तिथेच बदलतात. बॅगेत फेविक्विक, सेफ्टी पिना, दुहेरी टेप, चपला आणि ओआरएस. दार उघडलं की ते आधी चित्रकारांच्या टेबलांकडे जातात, कारण चांगले प्रिंट दुपारी उरत नाहीत. शिवाय थोडी रोख असते, हॉलमध्ये गर्दी झाली की यूपीआय फिरतच राहतं. वन पीस किंवा ड्रॅगन बॉल या ॲनिमेंतल्या पात्राची फिगर (छोटी मूर्ती) घेताना आधी डब्यावर ते बनवणाऱ्या टोए ॲनिमेशन कंपनीचा चकाकता स्टिकर शोधतात, मग चेहऱ्याचा रंग, मग किंमत.

फोटोचं मात्र नव्यांना सांगावंच लागतं. ताई वडापाव खात होत्या तरी तिघांनी न विचारता क्लिक केलं. "फोटो काढू का?" एवढंच विचारायचं. समोरचा घास संपवून, विग सारखा करून नीट उभा राहतो, तुमचाच फोटो चांगला येतो.

पण जुन्यांचंही एक सांगतो. हिंदी डब म्हटलं की तोंड वाकडं करायची सवय आपल्याला लागलीय. अरे, आपण कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी जपानीत बघत होतो का? पोकेमॉन? परभणीत, लातुरात केबलवर जे लागलं ते बघितलं, पुढे हॉस्टेलच्या पेन ड्राइव्हवर सबटायटल आले आणि आपण शहाणे झालो. २०१९ मध्ये चाहत्यांच्या ऑनलाइन याचिकेनंतर जपानी दिग्दर्शक शिंकाईंचा 'वेदरिंग विथ यू' भारतात थिएटरात आला, तो बघायला मी पुण्याला गेलो होतो. त्या जालन्याच्या मुलाने त्याचा सिनेमा गावातच बघितला, मित्रांबरोबर, शिट्ट्या मारत. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगतो. त्याला रांगेत अडवून "सगळ्या हाशिरांची (डेमन स्लेयरमधल्या सगळ्यात तरबेज तलवारबाजांची) नावं सांग" म्हणणाऱ्या दोघांचा रागही आला. परीक्षा घ्यायची तर शिवणकामाची घ्या.

आता पुढचं काम. पात्यावरचा तडकलेला थर सँडपेपरने काढलाय. या वेळी फेव्हिकॉल नाही, वाकणारा प्रायमर मागवलाय. विग अजून नाही. नाटकाचे ड्रेस भाड्याने देणाऱ्याकडे कृष्णाचा टोप आहे, मावळ्याचा आहे, काळपट लाल केसांचा कुठून असणार. ऑनलाइनच घ्यावा लागेल. कपाळावरच्या खुणेसाठी ताईंनी लिक्विड लॅटेक्स सांगितलंय, ते आधी हातावर लावून बघणार आहे.

मूठपट्टीच्या बारीक कडांसाठी मला दोन मिलिमीटरची ईव्हीए शीट हवीय. आमच्याकडे जाडच मिळते. नांदेड किंवा लातूरला कुणाच्या बघण्यात आली असेल तर दुकान सांगा, आणि जालन्याचा तो मुलगा हे वाचत असेल तर त्याने आपली हाओरी घेऊन यावं. बाह्या त्याला फार लांब होतात, काकूंकडून दुमडून घेऊ.