डस्टर एडब्ल्यूडी : टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि पहिल्या गिअरचा हिशेब

गाडी २०१५ची, रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी. इंजिन १४६१ सीसीचं के९के डिझेल, ११० पीएसवालं. बदलायचा होता टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा दातेरी रबरी पट्टा, आणि त्याच्याबरोबर वॉटर पंप. मीटर अजून लाखाला टेकलेलं नाही. त्यामुळे मिस्त्रींचं म्हणणं असं, की ‘कशाला उगाच उघडताय, अजून वीस हजार आरामात जाईल.’ मी तरीही उघडायचं ठरवलं. का ते आधी लिहितो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डस्टर आज याच टप्प्यावर आहेत.

या गाडीला लो रेंज, म्हणजे अवघड चढासाठीचे वेगळे जास्तीचे आखूड गिअर, नाही. ती कसर भरून काढायला रेनॉने एडब्ल्यूडीच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवला : १००० आरपीएमला ताशी जेमतेम ५.७९ किलोमीटर. म्हणजे पहिल्यात एक किलोमीटर कापताना क्रँक दहा हजारांहून जास्त फेरे मारतो. एक्सप्रेसवेला सहाव्यात शंभरच्या वेगाने जाताना माझा काटा सव्वादोन हजारांच्या आसपास असतो, म्हणजे किलोमीटरला साडेतेराशे फेरे. फरक सात-आठ पटींचा. मावळातल्या चिखलात किंवा वेल्ह्याकडच्या दगडी चढावर घालवलेला अख्खा दिवस मीटरवर वीस-पंचवीस किलोमीटर दाखवतो, पण बेल्टच्या खात्यावर तो हायवेच्या दीड-पावणेदोनशे किलोमीटर एवढा पडतो. त्यात कोणी अडकला की त्याला ओढून काढेपर्यंत मागे सगळ्यांची इंजिनं एसीसकट चालू. तेव्हा तर मीटर हलतही नाही. शिवाय रबराला वयही असतं. त्यामुळे ‘अजून किलोमीटर झाले नाहीत’ हा युक्तिवाद हायवेच्या गाडीला ठीक आहे, चिखल-दगडांत उतरणाऱ्या आपल्या गाड्यांना नाही.

के९के इंटरफिअरन्स इंजिन आहे. बेल्ट तुटला किंवा दात सरकले की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. त्या खर्चापुढे आजचं काम किरकोळ आहे.

इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाबद्दलही नेहमी विचारणा होते : गळत नसेल तर बदलायचा का? मित्राच्या जुन्या तीन लिटरच्या फॉर्च्युनरमध्ये वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, त्यामुळे त्याला तो हवा तेव्हा सवडीने बदलता येतो. आपल्याकडे तसं नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप, तिघंही त्या एकाच दातेरी बेल्टवर. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट जातो, पंप गळला तर कूलंट बेल्टवर येतं, आणि नुसता पंप बदलायचा म्हटलं तरी बेल्ट उतरवावाच लागतो. पंप वाचवून पैसे वाचत नाहीत.

सामान नाना पेठेतून आणलं. हेच इंजिन सनी, टेरानो, लॉजी, व्हेरिटो अशा बऱ्याच गाड्यांत आलं, त्यामुळे काउंटरवर ‘के९के’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण त्याच्या आवृत्त्या अनेक आहेत, म्हणून चासी नंबर दाखवूनच किट घ्या. बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण राखणारी पुली), पंप, बाहेरचा बेल्ट, क्रँक पुलीचा नवा बोल्ट आणि कूलंट एवढं घेतलं. बोल्ट एकदाच वापरायचा असतो. दुकानदार ‘जुनाच लावा’ म्हणाला तरी ऐकू नका. क्रँक आणि कॅम नेमक्या जागी आहेत हे दाखवणाऱ्या टायमिंग पिनांचा संचही घेतला. कॅमची पिन म्हणून ड्रिल बिट खुपसणारे बरेच पाहिलेत, पण पिना एवढ्या स्वस्त मिळत असताना तो जुगार कशाला?

आता काम. खरी मेहनत बेल्टची नाही, बेल्टपर्यंत पोचण्याची आहे. इंजिन आडवं बसवलेलं, बेल्टची बाजू ड्रायव्हरकडच्या चाकाला, आणि इंजिन व चासीच्या मधे हात जेमतेम शिरेल एवढी फट. पुढचं उजवं चाक काढलं, गाडी स्टँडवर घेतली, चाकाआडचं प्लास्टिक उतरवलं. त्यामागून कोकणातली लाल माती ढेकळांनी निघाली. ती आधी ब्रशने आणि मग हवेने साफ केली, कारण कव्हर उघडल्यावर तोच कचरा बेल्टच्या दातांत जातो. चिखलात उतरणाऱ्यांनी ही साफसफाई टाळू नये.

सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचा भार घेतला आणि उजवं माउंट सोडलं. जॅक हळूहळू वर-खाली करून जागा मिळवायची असते : एखादा बोल्ट इंजिन थोडं उचलल्यावर निघतो, एखादा थोडं खाली घेतल्यावर. पुतण्या जॅकवर, मी चाकाच्या पोकळीत, आणि दोघांमध्ये अखंड ‘वर घे, थांब, खाली, खाली म्हटलं ना’ चालू. माउंटचं रबर तडकलेलं दिसलं, तेही यादीत गेलं. वरच्या कव्हरवरचा सेन्सर आधी काढावा लागतो, नाहीतर कव्हर हलत नाही.

क्रँक पुलीचा बोल्ट पिना लावायच्या आधी सैल करायचा. गाडी सहाव्या गिअरमध्ये, ब्रेकवर दुसरा माणूस, आणि लांब दांड्याचा पाना. टायमिंग पिन अडकवून त्या आधारावर बोल्ट सोडणारे भेटतात. पिन फक्त जागा दाखवण्यासाठी असते, जोर घेण्यासाठी नाही. ती वाकली किंवा तुटली तर पुढचं सगळंच संशयाचं. पुली निघाल्यावर जुनाच बोल्ट मधे स्पेसर घालून परत लावला, म्हणजे इंजिन हाताने फिरवता येतं. फिरवायचं फक्त घड्याळाच्या दिशेने.

ब्लॉकवरचा छोटा प्लग काढून क्रँकची पिन आत घातली आणि क्रँक हळूच तिला टेकवला. कॅमची पिन पुलीच्या भोकातून थेट हेडमधल्या भोकात गेली. हाय प्रेशर पंपाच्या पुलीला पिन नसते, तिच्यावरची खूण हेडच्या बोल्टसमोर आली आहे का एवढं बघायचं. इतकं जुळल्यावर जुन्या बेल्टवर पांढऱ्या पेनने तिन्ही पुल्यांच्या जागी खुणा केल्या, बेल्ट उतरवला आणि खुणांमधले दात मोजून त्याच खुणा नव्या बेल्टवर उतरवल्या. पिना असताना हे लागत नाही असं म्हणतात. पण रात्री झोप लागायला लागतं.

जुना बेल्ट वरून ठीक होता. पाठीवर बारीक रेघा, कडेचे धागे थोडे सुटलेले, दात शाबूत. पंप मात्र पाहण्यासारखा होता : वीप होलखाली (आतलं सील गळलं की कूलंट बाहेर येण्याचं भोक) वाळलेल्या कूलंटचा पांढुरका ओघळ, आणि शाफ्ट बोटांनी हलवला तर किंचित खेळ. बाहेर एक थेंब पडत नव्हता, टाकीची पातळी वर्षभर जवळजवळ तीच. कव्हरच्या आत काय चाललंय ते बाहेरून कळलंच नसतं. मिस्त्रींना तो पंप हातात दिला. त्यांनी दोनदा फिरवून पाहिला आणि विषय बदलला.

पंप निघाल्यावर बसण्याची जागा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ केली. ॲल्युमिनियमवर पोलादी ब्लेड चालवायचं नाही. नवं गॅस्केट, बोल्ट आळीपाळीने, ११ न्यूटन मीटर. हे बोल्ट बारीक आहेत, अंदाजाने आवळले तर आटे जातात.

टेन्शनरला सहाच्या ॲलन कीचं भोक आणि एक काटा असतो. काटा खुणेवर आणून नट २७ न्यूटन मीटरला आवळला, पिना काढल्या, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं, पिना परत घातल्या. दोन्ही अलगद बसल्या, पण टेन्शनरचा काटा थोडा सरकलेला. नवा बेल्ट पहिल्या फेऱ्यांत पुल्यांवर बसतो, तेव्हा हे होणारच. नट थोडा सैल करून काटा जागेवर घेतला आणि परत दोन फेरे. हे दोन फेरे वगळून थेट स्टार्टर मारू नका. चूक असेल तर ती पान्याला अडते, व्हॉल्व्हना नाही. मग पुली आणि नवा बोल्ट : माझ्याकडे एम१४ आहे, त्याला १२० न्यूटन मीटर आणि वर ९५ अंश. एम१२ असेल तर आकडे वेगळे, आधी बोल्ट मोजा.

कूलंट भरताना हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवला, बुडबुड्यांशिवाय धार आली तेव्हा बंद केला. हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा चालू होईपर्यंत इंजिन चालवलं. पहिल्या स्टार्टला गाडी नेहमीसारखी पकडली, कारण इंधनाच्या एकाही नळीला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी बोटभर उतरली होती, ती भरली. त्यानंतर ताम्हिणीचा चढ चढून आलो : तापमान स्थिर, बेल्टच्या बाजूने कसलीही शीळ नाही.

नव्या बेल्टची तारीख आणि मीटर कव्हरवर पेंट मार्करने लिहून ठेवलंय. इंजिन किती तास चालतं ते मोजायला छोटा अवर मीटर मागवला आहे. पुढचा बेल्ट त्याच्या आकड्यावर ठरवणार. तडकलेलं माउंट अजून मिळायचं आहे. कोणाकडे एडब्ल्यूडीच्या उजव्या माउंटचा चांगला पर्याय वापरून झाला असेल तर पार्ट नंबर कळवा.