आमची वाटचाल : फटींच्या हवेचा धंदा

सुरुवातीला आम्ही पण सगळे करतात तेच करायचो, बिल्डिंगचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवा, भिंती काचा लाइट एसी भरा, वर्षाचा एनर्जीचा आकडा काढा, रिपोर्ट पाठवा. कामं मिळायची पण भाव नाही, कारण हे करणारे पैशाला पासरी. मग दिसायला लागलं की इन्फिल्ट्रेशनकडे, म्हणजे फटींतून आपोआप आत शिरणाऱ्या हवेकडे, कुणी ढुंकूनही बघत नाही. एनर्जीप्लसमध्ये (एनर्जीचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) ठरवलेल्या गळतीला ज्या गुणकाने गुणतात त्यात चार कोएफिशियंट असतात, एक स्थिर आणि बाकीचे तापमानातल्या फरकाचा, वाऱ्याचा आणि वाऱ्याच्या वर्गाचा, आणि डिफॉल्टला पहिला १, बाकी तिन्ही शून्य, म्हणजे बाहेर वादळ असो नाहीतर पान हलत नसो, मॉडेलमध्ये हवा तेवढीच येणार! तिथेच जुन्या ब्लास्ट प्रोग्रामचे आकडे टाका (०.६०६, ०.०३६३६, ०.११७७, ०), आतबाहेर तापमान सारखं आणि वारा सेकंदाला ३.३५ मीटर असेल तर गुणक १ येतो, पण ४० अंशांचा फरक आणि ६ मीटरचा वारा धरला की तोच पावणेतीनच्या वर. हीटिंगचा लोड कुठल्या कुठे जातो.

आम्ही हेच धरून बसलो.

एका आर्किटेक्टबाईंनी ब्लोअर डोअर टेस्टचा (दारात पंखा बसवून, प्रेशर देऊन गळती मोजतात ती) रिपोर्ट पाठवला, विचारलं हा आकडा तसाच टाकू ना? म्हटलं मॅडम थांबा, तो ५० पास्कलचा आहे, एवढं प्रेशर बिल्डिंगवर रोज कुठे असतं? प्रेशर आणि गळतीच्या नात्यातला घातांक ०.६५ धरून रोजच्यासारख्या ४ पास्कलवर आणला तर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. त्यांनीच पुढे दोन-तीन जणांना आमचं नाव सांगितलं आणि खरी गाडी तिथून सुरू झाली, जाहिरात वगैरे कधी केलीच नाही.

आता कुठलंही काम आलं की आधी विचारतो टेस्ट झालीये का, मेन दरवाजा दिवसभर किती उघडा असतो, एएचयू, म्हणजे एसीची हवा खेळवणारी युनिटं, कधी बंद होतात (फॅन चालू असताना आत पॉझिटिव्ह प्रेशर असेल तर गळती कमी होते, शेड्यूलमध्ये ते यायलाच हवं). लोक वैतागतात, वैतागू देत. उंच टॉवर असेल तर लिफ्टच्या शाफ्टमधून स्टॅक इफेक्ट येतो, म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे हवा वरखाली ओढली जाते, तिथे हे चार कोएफिशियंटचं साधं समीकरण पुरत नाही, एअरफ्लो नेटवर्क, म्हणजे खोल्या, शाफ्ट आणि फटी जोडून हवेच्या वाटांचं मॉडेल, उभं करावं लागतं, त्यात वेळ जातो, म्हणून त्याचे पैसे वेगळे लावतो आणि कोटेशनमध्ये आधीच लिहून देतो.