मापात बसणारा फोन

चप्पल लाईनीत गेलेला कोल्हापूरकर चपलेत पाय घालून चार पावलं चालल्याशिवाय खिशात हात घालत नाही. अंगठा नीट बसतो का, टाच मागं जाते का, पट्टा कुठं चावणार, सगळं बघतो आणि वर "लई सांगताय राव" म्हणून घासाघीस करतो. तोच माणूस राजारामपुरीतल्या दुकानात पंचवीस हजारांचा फोन काचेवरून बोट दाखवून घेतो. विचारतो एकच, "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?"

खरं तर फोनही घालूनच बघायचा असतो. दुकानदार सांगतो ते इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाचं माप, मुठीत येते ती रुंदी. जुन्या १६:९ घडणीच्या (उंची सोळा तर रुंदी नऊ) साडेपाच इंची फोनचा पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद होता. आताच्या २०:९ घडणीच्या साडेसहा इंची फोनचाही तेवढाच. वाढली ती पडद्याची उंची, जवळजवळ तीन सेंटिमीटर. त्यामुळं नवा फोन मुठीत मावतो, पण अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि शर्टाच्या खिशातून तो मान बाहेर काढून बसतो. गाडीची किल्ली उचलायला वाकलात की गेला.

परीक्षा सोपी आहे. एका हातात फोन, दुसरा हात केएमटी बसच्या दांडीला धरल्यासारखा वर. आता त्याच अंगठ्यानं समोरचा वरचा कोपरा गाठा. करंगळीचा आधार खाली सरकवावा लागला, तर रोज लागणार. हे प्लास्टिकच्या डमीवर करू नका, तिच्यात बॅटरी नसते, ती फसवी हलकी लागते. चालू डेमो फोन मागा आणि वर कव्हर घालायला सांगा. दोनशे ग्रॅमच्या फोनला जाड कव्हर आणि काच लागली की वजन तीस-चाळीस ग्रॅमनी सहज वाढतं. आडवं पडून बघणाऱ्याला ते नाकावर कळतं.

पण लोक खरे फसतात ते साठवणीत. १२८ जीबीचा फोन घेतला म्हणजे १२८ मिळाले, असं नाही. सिस्टिम आणि कंपनीनं आधीच भरलेली अ‍ॅप्स पंधरा-वीस जीबी खाऊन बसलेली असतात. हाताला लागतात शंभरच्या आसपास. फोर-के व्हिडिओ मिनिटाला पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी घेतो. विसर्जन मिरवणुकीत तासभर हात वर धरून उभे राहिलात तर दहा ते वीस जीबी एका रात्रीत गेले. त्याच शूटिंगला १०८०पी, म्हणजे फुल एचडी, ठेवलं तर निम्म्याहून कमीत भागतं, आणि पाहुण्यांच्या फोनवर फरकही दिसत नाही.

जागा संपत आली की फोन रेंगाळतो, त्याचं कारण मार्केट यार्डात कळेल. अडतीत गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, छपरापर्यंत रचले की मधला एक काढायला चार हलवावे लागतात, आणि ते ठेवायला रिकामी जागा नसते. फोनच्या मेमरीत लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, त्यातला कामाचा माल दुसरीकडं हलवून. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी हवी.

"कार्ड टाकू की!" टाका, पण आधी सिमचा ट्रे बघा. बऱ्याच फोनांत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं, कित्येकांत कार्डाची सोयच नसते. कार्डावर फोटो-व्हिडिओ ठीक, अ‍ॅप्स बहुधा आतच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपचा ढीग मॅनेज स्टोरेजमध्ये पाच एमबीच्या वरच्या फाइल्स बघून उपसता येतो. ऑटो-डाउनलोड बंद केल्याशिवाय सकाळच्या गुलाबांचा पूर मात्र ओसरत नाही.

तेव्हा पैसे कुठं घालायचे? माझं मत, १२८ वरून २५६ वर. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, आठ जीबी पुरे. '८ अधिक ८' लिहिलेलं असतं त्यातले दुसरे आठ साठवणीतूनच उसने घेतलेले आणि कितीतरी हळू. मेगापिक्सेलच्या आकड्याला तर भुलूच नका. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी निघतो का, तेही काउंटरवरच विचारून घ्या.

सील समोर फोडायला लावा. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. केवायएम, मग जागा सोडून तो आकडा, असं इंग्रजी अक्षरांत लिहून १४४२२ ला एसएमएस केला की कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल ते परत येतं. आणि खोक्यातली ट्रेची पिन पाकिटात ठेवा. ती हरवली की घरात सेफ्टी पिन शोधली जाते, आणि काही फोनांत ट्रेशेजारी तसंच दिसणारं माइकचं भोक असतं.