वाळूचा दांडा कापून उभे राहिलेले आबीजान

वेंगुर्ल्याच्या आमच्या काजू कारखान्याला स्थानिक बी वर्षातले जेमतेम पाच महिने पुरते. बाकीचे महिने जातात ते पश्चिम आफ्रिकेतून न्हावा शेव्याला उतरणाऱ्या बियांच्या भरवशावर. कित्येक वर्षे कागदपत्रांवर ‘आबीजान’ हे नाव वाचत आले होते, पण ते शहर पाहिले नव्हते. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याकडून आलेला कंटेनर उघडला, तर तळातली पोती ओलसर आणि बी काळवंडलेली निघाली. तेव्हा माल जिथे भरतात ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायचीच, असे ठरवून मार्च महिन्यात कोत दिव्वारला, म्हणजे आपण ज्याला आयव्हरी कोस्ट म्हणतो त्या देशात, आठ दिवसांसाठी गेले.

गोदामांच्या आधी मी व्रिदीचा कालवा पाहिला. आबीजान समुद्रकाठी आहे असे नकाशावर दुरून वाटते. खरे तर ते एब्रिए या लांबलचक खाजणाच्या काठी वसले आहे आणि खाजण व गिनीचे आखात यांच्यामध्ये वाळूचा दांडा आडवा पसरलेला आहे. उघड्या किनाऱ्यावर लाटा एवढ्या दांडग्या असतात, की पूर्वी जहाजे बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांतून चढउतार होई. १९०४ च्या सुमारास फ्रेंचांनी दांडा कापण्याचा पहिला प्रयत्न केला, तो वाळूने बुजवून टाकला. १९३० च्या दशकात व्रिदीची जागा निवडली गेली, महायुद्धात काम रखडले आणि १९५० साली सुमारे २.७ किलोमीटर लांबीचा कालवा खुला झाला. इथून जवळच समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे, तिला फ्रेंचमध्ये ‘तळ नसलेले भोक’ म्हणतात. किनाऱ्याने पूर्वेकडे सरकणारी वाळू कालव्याच्या तोंडाशी न साचता या घळीत जावी, या हिशेबाने कालव्याचा आराखडा बेतला होता. दाभोळ, राजापूर अशी नामांकित बंदरे गाळापायी मागे पडलेल्या कोकणातून मी आले होते, त्यामुळे त्या काठावर मी बराच वेळ उभी राहिले. एक कंटेनरवाहू जहाज इतक्या जवळून गेले, की त्याच्या पोलादी अंगावरचे गंजाचे ओघळ दिसत होते, आणि ते गेल्यावर काठाच्या दगडांवर पाणी चढून पुन्हा ओसरले.

या कालव्याने शहराला मोठे केले, तसे इतरांकडून काही काढूनही घेतले. कोमोए नदीचे पाणी व्रिदीवाटे समुद्राला मिळू लागले आणि ग्राँ-बासामजवळचे तिचे जुने मुख वाळूने बंद होत गेले. ग्राँ-बासाम ही वसाहतीची पहिली राजधानी. १८९९ च्या पीतज्वराच्या साथीनंतर राजधानी बिंजरव्हिलला आणि १९३४ मध्ये आबीजानला हलली. आज तिथे जुन्या फ्रेंच इमारती आणि शांत रस्ते आहेत. २०१२ पासून तो जागतिक वारसा आहे. कालव्याच्या पूर्वेला पोर-बुएच्या किनाऱ्याची धूप होते, तीही मी पाहिली.

खुद्द शहरात सकाळी प्लातो भागाकडे जाताना खाजणावरचे पूल मोजता येतात. पहिला उफुए-ब्वान्यी पूल १९५७ चा. तिसरा २०१४ साली झाला आणि २०२३ मध्ये आणखी दोन खुले झाले. १९६० ते १९९३ देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष असलेल्या उफुए-ब्वान्यींनी कोको आणि कॉफीच्या पैशावर हे शहर वाढवले, बुर्किना फासो आणि मालीतल्या मजुरांना दारे उघडली. ऐंशीच्या दशकात कोकोचे भाव कोसळले, पुढे १९९९ चा लष्करी उठाव, २००२ चे यादवी युद्ध आणि २०१०-११ मधला निवडणुकीनंतरचा रक्तपात या शहराने सोसला. राजधानी १९८३ पासून यामुसुक्रो आहे, पण कारभार, पैसा आणि माणसे आबीजानलाच आहेत. नव्या पुलांचे कौतुक मला मनापासून वाटते. तरीही २०२४ च्या सुरुवातीला बोरिबाना आणि जेस्को या वस्त्यांतली घरे ज्या रीतीने पाडली गेली, ती विकासाची किंमत म्हणून सोडून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

बंदरामागच्या गोदामात आमच्या धंद्याची भाषा फ्रेंचमध्येही ओळखीची निघाली. काजूला तिथे ‘अनाकार्द’ म्हणतात. एका किलोत किती बी भरते ते मोजायचे, मग प्रत्येक बी मधोमध कापून चांगला गर किती आणि डागी किती याचे वजन करायचे, हे आमच्यासारखेच. गोदामातल्या माणसाने कापलेली बी माझ्या तळहातावर ठेवली. गर पांढरा होता, पण सालीच्या आत ओलसरपणा जाणवत होता, आणि ती पोती पुन्हा उन्हात पसरा, असे त्याने स्वतःच सांगितले. उत्तरेकडे कोरोगोच्या बाजूला जमिनीची धूप थांबावी म्हणून १९६० च्या दशकात लावलेली ही झाडे आज या देशाला जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक करून बसली आहेत. दुपारी गोदामाबाहेर, जिला सगळे ‘तांती’, म्हणजे मावशी, अशी हाक मारतात, त्या बाईच्या टपरीवर आत्तिएके खाल्ले. किसलेला कसावा आंबवून वाफवलेला, रव्याच्या दाण्यासारखा, सोबत तळलेली कुपा, कांदा आणि मिरची.

यातली बरीचशी बी अजूनही सोललेली नसतानाच परदेशी जाते. सरकार देशात कारखाने उभारायला मदत करते, त्यामुळे सोलणीचे काम दरवर्षी वाढते आहे. त्याचा फटका आमच्यासारख्यांना बसेल, हे मला कळते. तरीही जिथे झाड आहे तिथल्या बाईला सोलणीची मजुरी मिळावी, हे मला न्याय्यच वाटते.

परतताना तिथेच सोललेल्या काजूगराचे एक पाकीट आणले आणि कारखान्यात निवडणीच्या टेबलावर ओतले. पस्तीस वर्षे गर निवडणाऱ्या आमच्या मावशींनी चष्मा लावून एकेक गर उलटसुलट पाहिला, तुकडे बाजूला केले, आणि साल काढताना सुरी कुठेच लागलेली नाही, हात चांगला बसलेला आहे, असे म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, तिथल्या बायकांना किलोमागे काय मिळते?