तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॉक बाहेर का जात नाही

मी एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लिहिला आहे. त्यात महिरपी कंसात लिहिलेल्या कमांडच्या गटाला ब्लॉक म्हणतात. “तुमच्या शेलमध्ये महिरपी कंसातला ब्लॉक लूपला देता येतो, मग एसएसएचला किंवा सुडोला का देता येत नाही?” पुण्यातल्या प्रत्येक मेळाव्यात चहाच्या रांगेत हे कोणीतरी विचारतेच, आणि सूर असा असतो की मला ते सुचलेच नसावे. सुचले होते, पहिल्या आवृत्तीत ते होतेही.

एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारी) किंवा सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी) अशा बाहेरच्या कमांडला आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे तिच्या नावापुढे, फक्त स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, देता येतात, ब्लॉक आणि त्याने धरून ठेवलेली व्हेरिएबल्स पलीकडे जात नाहीत. म्हणून मी ब्लॉकचा पुन्हा मजकूर करीत असे आणि व्हेरिएबलच्या जागी त्याचे मूल्य लिहीत असे. टीसीएल या प्रोग्रामिंग भाषेत महिरपी कंस म्हणजे अवतरणाचाच, मजकूर जसाच्या तसा ठेवण्याचाच, एक प्रकार, मग माझे काय चुकले, हा माझा तेव्हाचा युक्तिवाद.

माझ्या मामांचा सदाशिव पेठेत फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या मशीनवर जागा संपली, तेव्हा मी घरूनच एसएसएचला एक ब्लॉक दिला: व्हेरिएबलमध्ये ज्या फोल्डरचे नाव आहे, ते आरएमने काढून टाक. नाव होते ‘जुने फोटो’. माझ्या शेलपुरते ते एकच मूल्य होते. पण मजकूर करताना माझा शेल त्याला अवतरणचिन्हे घालीत नव्हता, आणि पलीकडच्या शेलने आरएमसमोर दोन नावे वाचली. ‘जुने’ नावाचे काहीच नव्हते, तशी एका ओळीची तक्रार आली. ‘फोटो’ मात्र होते, त्या मोसमातल्या लग्नामुंजींचे, आणि ते निमूटपणे गेले. कॅमेऱ्याच्या कार्डांवरून बरेचसे परत मिळाले. एका मुंजीचे मिळाले नाहीत. मामा ओरडले नाहीत. “स्पेस हे तुझ्या लेखी अक्षर आहे की नाही रे?” एवढेच त्यांनी विचारले.

अवतरणचिन्हे घातली असती तर हे टळले असते, हे मान्य. नंतर मी ती घातलीही. पण एसएसएच सगळी आर्ग्युमेंट्स स्पेसने जोडून पलीकडच्या शेलला देते आणि तो शेल कोणता हे मला ठाऊक नसते. सुडो एरवी मध्ये शेल आणतच नाही. ऑक या मजकूर चाळणाऱ्या कमांडला तर स्वतःचीच भाषा हवी असते. एकाच कंसाचा अर्थ कमांडगणिक बदलणार असेल, तर अवतरण घालायचे कोणत्या नियमाने?

आता ब्लॉकआधी ‘मजकूर’ हा शब्द आणि पलीकडच्या शेलचे नाव लिहावे लागते. ते कुरूप आहे. सुडोपुरते मात्र माझे जुने मत मला अजून पटते, कारण तिथे पलीकडे माझाच शेल चालवता येतो. तेवढी सूट देणारा बदल लिहून तयार आहे, पण कोडच्या मुख्य शाखेत मी तो अजून घातलेला नाही.